बर्फावरची झेप आणि पायाखालची जमीन

गेल्या संक्रांतीच्या सुमारास आपल्या मंडळाच्या बैठकीत माझ्या नातवाने पाठविलेली काही छायाचित्रे मी पडद्यावर दाखविली होती. नातू अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात असतो. हिवाळ्यात सुट्टी मिळाली की तो आणि त्याचे मित्र डोंगरावर जातात, दोन्ही पाय एका फळीला बांधतात आणि बर्फावरून घसरत खाली येतात. या फळीला स्नोबोर्ड म्हणतात. दोन पायांना दोन वेगळ्या लांब पट्ट्या बांधल्या की ते स्की. मित्रांपैकी एकाला छायाचित्रणाचा नाद आहे, त्याने काढलेली ती चित्रे. तेलंगणात थंडीचा पारा सर्वांत खाली उतरतो तो बहुधा आपल्याच भागात. त्यामुळे शाली-मफलर गुंडाळून बसलेल्या मंडळींना विषय अगदीच परका वाटला नाही. सर्वांनी कौतुकाने चित्रे पाहिली. चहा झाल्यावर मात्र आयुष्यभर मराठी शिकविलेले एक ज्येष्ठ सदस्य सावकाश म्हणाले, "चित्रे देखणी आहेत. पण सगळी एकच आहेत. खाली पांढरे, वर निळे आणि मध्ये लटकलेला माणूस. यात पाहायचे ते काय?"

मी त्या वेळी काहीतरी उत्तर दिले; ते माझे मलाच पटले नाही. पुढे तीन-चार महिने या प्रकारची चित्रे जमतील तेवढी पाहिली, त्यांच्या इतिहासाची थोडी माहिती मिळविली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर समजावे.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. पडणारा बर्फ मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. मुलीकडे दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा उन्हाळ्यात. तेव्हा हा अधिकार कोणी दिला, असे कोणी विचारील. परंतु सिंहासनावर न बसलेली माणसेच राजांवरच्या नाटकांची समीक्षा करीत आलेली आहेत, आणि इथे माझा विषय बर्फ नसून बर्फावरच्या माणसाचे चित्र हा आहे. शिवाय त्यात आपला एक स्वार्थही आहे. आपल्या पूर्वजांपैकी कोणी यवतमाळ-चांद्याकडून, कोणी नांदेड-परभणीकडून नद्या ओलांडून या मुलखात आले. मागे राहिलेल्यांना त्यांची खुशाली पत्रांतून कळे. आज आपल्या घरांतील मुले त्याहून कितीतरी दूर गेली आहेत. ती पत्रे लिहीत नाहीत, चित्रे पाठवितात. पत्राच्या ओळींमधले वाचण्याची कला आपल्या आजी-आजोबांना होती. चित्राच्या बाबतीत आपण अजून अक्षरओळखीपाशीच आहोत, असे मला वाटते.

छायाचित्रण आणि गती यांचे सख्य जन्मजात नाही. सहाव्या निजामाच्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांची चित्रे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. त्यांतील सरदार, शिकारी, हत्ती, पलटणी कशा जमिनीत रोवल्यासारख्या उभ्या असतात! आरंभीच्या काळात काच आणि रसायने यांचा वेगच इतका मंद होता की हलणारी वस्तू धुरासारखी पसरे. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिज याने एका रांगेत कॅमेरे मांडून दौडणाऱ्या घोड्याची चित्रे घेतली आणि दौडीत एका क्षणी घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात हे सिद्ध केले. गंमत अशी की तो क्षण चित्रकारांनी रंगविलेला क्षण नव्हता. चित्रकार घोड्याचे पाय पुढे-मागे ताणलेले दाखवीत. प्रत्यक्षात अधांतरी घोड्याचे पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. डोळ्याला जे दिसत नाही ते यंत्राने दाखविले. क्रीडाछायाचित्रणाचा सारा अभिमान तेथून सुरू होतो, आणि माझ्या मते त्याचा दोषही तेथूनच. जमिनीवरून सुटलेले शरीर पकडणे हेच पुढे या कलेचे ध्येय होऊन बसले.

बर्फावरच्या चित्रांना खरे वळण लागले ते पहिल्या महायुद्धानंतर, आल्प्स पर्वतात. आर्नोल्ड फांक नावाचा एक जर्मन भूगर्भशास्त्रज्ञ खडक सोडून कॅमेऱ्याकडे वळला. १९२० साली त्याने स्कीच्या अद्भुताविषयी एक चित्रपट काढला, त्यात गती मंद करून दाखविणाऱ्या कॅमेऱ्याचा उपयोग केला. त्याच्याबरोबरचे कॅमेरामन स्वतः पट्टीचे स्कीपटू होते. स्की घालून, कॅमेरा सांभाळीत ते उतारावर जात. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधील आडेलबोडेन या गावी गिगर आणि क्लॉपफेन्श्टाइन ही छायाचित्रकारांची जोडी काम करीत होती. त्यांची चित्रे मला या सगळ्या परंपरेत फार वरची वाटतात. त्यांत माणूस असतो, पण उसळलेले हिमकण, उतारावर उमटलेल्या रेषा आणि तिरप्या उन्हाने बर्फावर उठविलेले बारीक तरंग यांनाही माणसाइतकाच मान असतो. माणूस तेथे पाहुणा आहे आणि त्याला ते ठाऊक आहे, असे ती चित्रे पाहताना वाटते.

फांकच्या चित्रपटांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच्या १९३१ च्या चित्रपटात लेनी रीफेनश्टाल ही नटी स्की शिकणाऱ्या मुलीच्या भूमिकेत आहे. हीच बाई पुढे हिटलरच्या नुरेंबर्ग मेळाव्यावरील प्रचारपटाची दिग्दर्शिका झाली, आणि त्या प्रचारपटाचा मुख्य कॅमेरामन झेप आल्गायर हा फांकच्याच तालमीत तयार झालेला होता. खालून वर रोखलेला कॅमेरा, ढगांच्या पार्श्वभूमीवर एकटा वीर, पायांखाली काहीच नाही. पर्वतावर शिकलेली ही भाषा पुढाऱ्याच्या कामी आली. क्राकाउअर या समीक्षकाने १९४७ साली हा संबंध उघड करून दाखविला. त्याच्या सगळ्याच निष्कर्षांशी मी सहमत नाही. डोंगरावर घसरणारा प्रत्येक पोरगा काही हुकूमशाहीची पेरणी करीत नसतो. पण ज्या चित्रात माणसाखालची जमीन काढून घेतली जाते त्याच्याकडे मी तेव्हापासून जरा संशयाने पाहू लागलो, हे खरे.

आता थोडे यंत्राविषयी, कारण त्यावाचून या चित्रांची परीक्षा करता येत नाही. सुदैवाने यातील पहिला धडा आपल्याला बर्फाशिवाय शिकता येतो. नोकरीच्या काळात एका नोव्हेंबरात मी आदिलाबादच्या बाजार आवारात कापसाच्या गंज्यांची छायाचित्रे घेतली होती. भर दुपारचे ऊन, डोळे दिपावेत असा पांढरा ढीग आणि त्यावर उभे राहून कापूस लोटणारे हमाल. रोल धुऊन आला तेव्हा कापूस मळक्या गोधडीसारखा आणि हमाल काजळाच्या बाहुल्यांसारखे. स्टुडिओतला माणूस हसून म्हणाला, "साहेब, पांढऱ्यावर मीटरचे ऐकायचे नसते." कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे जग सरासरीने करडे आहे असे धरून चालतो. त्यावर पडलेल्या प्रकाशाचा अठरा टक्क्यांच्या आसपास भाग परत येतो, असा त्याचा हिशेब. ताजा बर्फ ऐंशी-नव्वद टक्के प्रकाश परत फेकतो. बिचारे यंत्र दचकते आणि त्या शुभ्रतेला ओढून करड्यावर आणते. म्हणून जाणता छायाचित्रकार यंत्र सांगते त्याच्या दुप्पट ते चौपट प्रकाश आत घेतो. त्यापुढे गेला तर मात्र बर्फ खडूच्या भुकटीसारखा निर्जीव होतो. त्यातील कण, खळगे, वाऱ्याने पाडलेल्या सुरकुत्या पुसल्या जातात आणि कोऱ्या कागदावर चिकटविलेला माणूस उरतो.

तेव्हा आमच्या ज्येष्ठ सदस्यांना माझे पहिले सांगणे असे की, अशा चित्रात माणसाकडे शेवटी पाहावे, आधी बर्फ पाहावा. तो पांढरा आहे की करडा? त्याला पोत आहे का? सावल्या निळसर आहेत का? उघड्या आकाशाखालच्या बर्फावरील सावलीत फक्त आकाशाचा उजेड पोहोचतो, म्हणून ती निळी असते. ती निळाई पुसून टाकणारा छायाचित्रकार पाहण्याऐवजी धुण्याचे काम करतो आहे असे समजावे. एवढे पाहिले की 'सगळी एकच' वाटणारी चित्रे वेगळी होऊ लागतात. कापसाची प्रतवारी करणाऱ्याला दोन पांढऱ्यांतला फरक दिसतो, तो आपल्याला दिसत नाही. फरक नसतो असे नाही.

दुसरा धडा वेळेचा. ताशी ७० किलोमीटर वेगाने उतरणारा माणूस सेकंदाला सुमारे साडेएकोणीस मीटर जातो. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते उघडले तर तेवढ्यात तो जेमतेम दोन सेंटीमीटर सरकतो. चित्र टाचणीसारखे टोकदार येते. साठाव्या भागापुरते उघडले तर तो फूटभर सरकतो आणि चित्र फिसकटते. मग कॅमेराच त्याच्याबरोबर फिरवीत न्यावा लागतो. तसे केले की माणूस बऱ्यापैकी स्पष्ट राहतो आणि मागची झाडी रेघांसारखी वाहू लागते. आजच्या यंत्रांना हजारावा भाग म्हणजे काहीच नाही, म्हणून बहुतेक जण पहिला मार्ग घेतात. परिणाम काय होतो? हिमकणांचा कण न् कण गोठतो, फळीखालची अक्षरे वाचता येतात, चेहऱ्यावरच्या चष्म्यात समोरचा डोंगरही दिसतो. फक्त वेग दिसत नाही. जो वेग दाखवायचा म्हणून सारा खटाटोप, तोच नेमका हरवतो. माणूस उडतो आहे की दोरीला टांगला आहे, हे चित्र सांगू शकत नाही. "मध्ये लटकलेला माणूस" हे आमच्या सदस्यांचे शब्द त्या दृष्टीने अगदी अचूक होते.

हाच पेच मला आपल्याकडच्या दंडारीत दिसतो. दिवाळीच्या दिवसांत गुसाडी नाचतात तेव्हा मोरपिसांचा तो भला थोरला टोप, राख फासलेले अंग, खांद्यावरचे कातडे, हातातील काठी आणि पायांनी उडणारी धूळ या सर्वांची मिळून एक गती असते. मारलवाईचे गुसाडी गुरू कनकराजू यांना २०२१ सालची पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते निवर्तले तेव्हाही वृत्तपत्रांत त्यांची जी चित्रे आली, ती बहुतेक टोप घालून उभे राहिलेल्या माणसाची होती. पीस न् पीस स्पष्ट, आणि नाच कोठेच नाही. याच मारलवाईत १९४० च्या दशकात ज्यांनी मुक्काम केला, गोंडांच्या जीवनाची हजारो चित्रे घेतली, ते हायमेनडॉर्फ मूळचे व्हिएन्नाचे, म्हणजे स्कीच्या मुलखातले. त्यांचा संग्रह लंडनच्या विद्यापीठात जतन केलेला आहे. त्यांनी कधी पायांना स्की बांधल्या होत्या की नाही याच्याशी मला कर्तव्य नाही. पण त्यांच्या चित्रांत माणसाच्या भोवतीचे अंगण, कुडाच्या भिंती, पाहणारी मुले हे सारे असते, आणि त्यामुळे माणूस अमुक गावचा, अमुक दिवसाचा वाटतो. धूळ काय आणि हिमधूळ काय, ती उडविणारा पाय आणि ती जेथून उडाली ती जागा दिसल्याखेरीज तिला अर्थ येत नाही.

'जागा दिसणे' हा माझ्या कसोटीचा मुख्य भाग आहे, आणि तो मी कोणत्याही सौंदर्यशास्त्राच्या ग्रंथातून घेतलेला नाही. महसूल खात्यातून घेतला आहे. पूर आला, पीक बुडाले की पंचनामा होतो, त्याला छायाचित्रे जोडली जातात. नवा कर्मचारी हमखास कुजलेल्या बोंडाचे अगदी जवळून घेतलेले, फार परिणामकारक चित्र आणून देई. ते मला परत करावे लागे. बोंड कोणाच्याही शेतातले असू शकते. बांध दाखवा, विहीर दाखवा, ओळखीचे एखादे झाड दाखवा, पाणी कोठपर्यंत चढले त्याची खूण दाखवा. मग ते चित्र बोलते. आणखी एक चलाखी असे. कॅमेरा थोडा तिरपा धरला की साधा ओघळ दरीसारखा दिसतो. बर्फावरच्या चित्रांत ही चलाखी सर्रास चालते. तीवर उपाय सोपा आहे: मागची सूचिपर्णी झाडे पाहावीत. झाड ओळंब्यासारखे सरळ वाढते. झाडे एका बाजूला कललेली असतील तर डोंगर उभा नाही, छायाचित्रकार वाकडा आहे. उलट, लांब पल्ल्याच्या भिंगाने समोरून घेतलेल्या चित्रात खरोखरचा छाती दडपणारा उतारही अंगणासारखा सपाट होतो, आणि जिवावर उदार झालेला माणूस उगाच हात पसरून उभा आहे असे वाटते. छायाचित्र खोटे बोलत नाही, असे म्हणणाऱ्यांनी महसूल खात्यात एक पावसाळा काढावा.

आपल्या वाचकांपैकी अनेकांनी मर्ढेकरांचा लयविचार अभ्यासलेला आहे. संवाद, विरोध आणि समतोल ही त्यांनी सांगितलेली लयीची तत्त्वे या चित्रांना लावून पाहण्याचा मोह मला आवरत नाही. उतारावरून वळणे घेत आलेल्या माणसाच्या मागे त्याची नागमोडी रेघ उमटलेली असते. त्याच्या वाकलेल्या पाठीचा बाक आणि रेघेचा बाक यांत संवाद असतो. उभी झाडे आणि तिरपा उतार यांत विरोध. आणि एका बाजूला झुकलेले शरीर व दुसऱ्या बाजूला उसळलेला हिमाचा पंखा यांत समतोल. ही तिन्ही तत्त्वे चित्रात यायची तर रेघ, झाड आणि उतार चित्रात असावे लागतात. निळ्या आकाशावर कोरून काढलेल्या माणसाला कोणाशी संवाद नाही, कोणाशी विरोध नाही. जर्मन समीक्षक लेसिंग याने १७६६ साली म्हटले होते की शिल्पकाराने कृतीचा परमोच्च क्षण निवडू नये, त्याच्या अलीकडचा निवडावा, म्हणजे पाहणाऱ्याच्या कल्पनेला पुढे जाण्यास वाव राहतो. झेपेचा सर्वांत उंच बिंदू म्हणजे असाच संपलेला क्षण. उडी घेण्यापूर्वी गुडघे दुमडून कडेपर्यंत आलेला माणूस, किंवा खाली येताना जमिनीकडे लागलेली त्याची नजर, यांत कितीतरी अधिक काही घडायचे बाकी असते.

मग सगळे झेपेच्याच मागे का लागतात? एक कारण उघड आहे. ही कला लहानपणापासून जाहिरातीच्या मांडीवर वाढली. निसर्गछायाचित्रणात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते त्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनीही योसेमिटी खोऱ्यातील हॉटेले चालविणाऱ्या कंपनीसाठी हिवाळी खेळांची चित्रे काढली होती. हॉटेल भरायचे तर स्वच्छ ऊन, कोरा बर्फ आणि आनंदी तरुण हवेत. थंडीने मान टाकणारी बॅटरी, सुन्न बोटे, धुके आणि पडणारी माणसे नकोत. आमच्या पिढीला बर्फाची ओळख सिनेमाने करून दिली, त्यालाही हेच लागू आहे. पण 'जंगली' (१९६१) मधला बर्फात गडगडत लोळणारा शम्मी कपूर आठवून पाहा. त्याला स्की येत नाही, तो पडतो, बर्फ त्याच्या कपड्यांत शिरतो. थट्टेत का होईना, तिथे शरीराची बर्फाशी गाठ पडते.

अलीकडच्या काळातील मला सर्वांत विचार करायला लावणारी चित्रे २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमधली आहेत. तेथे उंच उडीच्या प्रकारासाठी उतार बांधला होता तो एका बंद पडलेल्या पोलाद कारखान्याच्या आवारात. हवेत कोलांटी घेणारे स्कीपटू आणि मागे औष्णिक वीजकेंद्रात असतात तसे अजस्र शीतकरण मनोरे! अनेकांनी नाके मुरडली. बर्फाच्या खेळाला ही काय पार्श्वभूमी, असा सूर निघाला. मला मात्र ती चित्रे प्रामाणिक वाटली. त्या ऑलिंपिकमधील जवळपास सारा बर्फ यंत्रांनी तयार केलेला होता. मनोऱ्यांनी ते लपू दिले नाही. कोठे, कोणत्या काळात, कशाच्या आधारावर हा माणूस उडतो आहे, हे त्या चित्रांनी सांगून टाकले. याच स्पर्धेत भारताचा एकुलता एक खेळाडू होता काश्मीरचा आरिफ खान. जायंट स्लॅलममध्ये तो पंचेचाळिसावा आला. माझ्या पाहण्यात त्याचे ध्वज घेऊन चालतानाचे चित्र दहा वेळा आले. निशाणांमधून वळणे घेत उतरतानाचे चित्र मला शोधून काढावे लागले. ध्वजाचे चित्र अभिमानाचे आहेच. पण तो पंचेचाळिसावा क्रमांक ज्या गुडघ्यांनी मिळविला, ते दुसऱ्या चित्रात आहेत.

आपल्या देशात ही कला रुजायची तर ती गुलमर्गला. तेथे १९२७ साली स्की क्लब स्थापन झाला, आणि खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा २०२० पासून होत आल्या आहेत. त्या स्पर्धांची मी पाहिलेली बरीच चित्रे पदके गळ्यात घालून फलकापुढे रांगेत उभ्या केलेल्या मुलांची. त्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. परंतु जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गला बर्फच पडला नाही तेव्हा तपकिरी, उघड्या उतारांची जी चित्रे सर्वत्र फिरली, ती मी पुन्हा पुन्हा पाहिली. त्यांत कोणी झेप घेत नव्हते. पुढच्या वर्षी गुलमर्गच्या स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. ती तपकिरी चित्रे पाहिल्यावर बर्फावरच्या झेपेची जुनी चित्रे मी पुन्हा काढली. त्यांतील किती चित्रांत जमिनीवर बर्फ किती होता हे कळते? फारच थोड्या. अवर्षणाच्या मुलखात नोकरी केलेल्या माणसाला हा प्रश्न पडतोच.

एक प्रकार मात्र असा आहे की ज्याविषयी माझे मत अजून पक्के होत नाही. एका उडीची आठ-दहा क्षणचित्रे एकाच चौकटीत जोडतात. एकच माणूस कड्यावर, हवेत, उलटा, पुन्हा सरळ आणि शेवटी जमिनीवर असा कमानीसारखा मांडलेला दिसतो. याचे मूळ फ्रेंच शास्त्रज्ञ मारे याच्या १८८० च्या दशकातील प्रयोगांत आहे. पण अजिंठ्याच्या जातकचित्रांत एकच राजा एकाच भिंतीवर तीन ठिकाणी भेटतो, हे पाहिलेल्या आपल्यासारख्यांना त्यात नवल वाटू नये. येथे उडीचा आरंभ आहे आणि शेवटही आहे; जमीन दोन्हीकडे आहे. माझ्या कसोटीला हे सर्वांत उतरायला हवे. तरी ही चित्रे पाहताना मला मधूनमधून शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातील आकृती आठवते. अजिंठ्याच्या चित्रकाराला कोणता प्रसंग गाळावा हे ठाऊक होते. इथे यंत्र काहीच गाळीत नाही.

आता पुन्हा नातवाच्या चित्रांकडे. बैठकीत ज्या चित्रावर सर्वांत अधिक वाहवा झाली त्यात तो हवेत आहे, एका हाताने फळी पकडलेली, मागे निळे आकाश. ते चित्र आम्ही मोठे करून दिवाणखान्यात लावले आहे आणि येणारा प्रत्येक जण ते पाहून थबकतो. मी आता ते नीट पाहिले. चेहरा चष्म्याआड आणि शिरस्त्राणाखाली आहे; आमच्या मुलीने सांगितले म्हणून तो आमचा. खाली काय आहे, किती उंच आहे, तो कोठून आला, कोठे पडणार, काही नाही. पंचनाम्याला जोडले असते तर मी परत केले असते.

मी त्याला फोनवर विचारले, "अरे, त्या दिवशीची आणखी चित्रे आहेत का?" त्याने एक गठ्ठाच पाठविला, दीडशेच्या वर. त्यात एक असे होते: दूरवर, चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात तो बर्फात बसला आहे. ऊन कलते आहे, त्यामुळे बर्फाचा कण न् कण उठून दिसतो, सावल्या निळ्या. मागची झाडे सरळ उभी. त्याच्या मागे वरपर्यंत त्याची रेघ गेली आहे आणि त्या रेघेवर ठिकठिकाणी खळगे पडलेले आहेत, माणूस पडल्यावर पडतात तसे. मी मोजले, सात होते. वरच्या दोन खळग्यांमधले अंतर थोडे, खालच्यांमधले वाढत गेलेले. चष्मा त्याने कपाळावर चढविलेला आहे आणि तो कॅमेऱ्याकडे न पाहता वर, आपल्या रेघेकडे पाहतो आहे. चेहरा नखाएवढा, पण मानेची ती ठेवण आमच्या घरातली आहे, माझ्या वडिलांची आहे. कापूस वेचून झाल्यावर बांधावर बसून ते असेच मागे वळून शेताकडे पाहत.

"हे कसे पाठविले नाहीस आधी?" मी विचारले.

"ते चुकून आले असेल, आजोबा. त्यात मी काहीच करीत नाही," तो म्हणाला.

ते चित्र मी आठ बाय दहाच्या आकारात छापून घेतले आहे. स्टुडिओतल्या मुलाने बर्फ अधिक पांढरा करून देऊ का म्हणून विचारले, नको म्हणालो. पुढच्या बैठकीला ते घेऊन येणार आहे आणि आमच्या त्या ज्येष्ठ सदस्यांच्या हाती देणार आहे. दिवाणखान्यातल्या चित्राची जागा बदलण्याविषयी घरात अजून एकमत झालेले नाही.